एतेलचा रोस्ट, बेलारचं नाक

आमच्या ओर्तिगाल गावात लग्नाची तारीख पाद्री ठरवत नाही, एतेल्विना ठरवते. पाद्रीबुवांना कुठलाही शनिवार सारखाच. पण त्या शनिवारी एतेल दुसऱ्या गावी रांधायला जाणार असेल, तर नवरा-नवरीने आणखी दोन आठवडे दम धरायचा, असा इथला रिवाज. एका जोडप्याला तेवढा दम निघाला नाही. त्यांनी खाली किनाऱ्यावरून तयार जेवण मागवलं. त्या लग्नाला सहा वर्षं झाली, त्यांना दोन पोरं झाली, तरी गाव अजून त्या कोरड्या मांसाबद्दलच बोलतं.

अशा बाईला आमच्याकडे गिसान्देरा म्हणतात. लग्न असो, बारसं असो, जत्रा असो, ती लोकांच्या घरी जाऊन रांधते. एतेलची आई गिसान्देरा होती, आजीही होती. येताना एतेल एक गाठोडं आणते. त्यात सुरी, लाकडी चमचा आणि पांढरा एप्रन. स्वयंपाकघरात शिरली की आधी घरच्या बाईला बाहेर काढते. "तू जा, केस विंचर," म्हणते. मग जेवणावळ उठेपर्यंत त्या घरात तिचा शब्द शेवटचा.

आणि ती चाखत नाही. कधीच नाही. "चाखते तिला शंका असते," असं आई सांगायची. भांड्यावरचं झाकण बोटभर सरकवायचं, डोळे मिटायचे, श्वास आत घ्यायचा, की काय कमी आहे ते कळतं. गेली चाळीस वर्षं एतेलने नाकानेच रांधलं. तिच्या रोस्टला घड्याळ लागत नाही. गाईच्या मांडीचा मोठा तुकडा सुतळीने आवळायचा, मीठ-लसूण-चरबी चोळायची, लोखंडी भांड्यात सगळ्या बाजूंनी लाल करायचा, त्यावर सिद्रा, म्हणजे आमची सफरचंदाची आंबट दारू, ओतायची आणि भट्टीत ढकलायचा. आधी गोठ्याचा वास सुटतो. मग ओल्या गवताचा. मग पावाच्या करपू घातलेल्या कडेचा. तो आला की दार उघडायचं, त्यानंतर एक मिनिटही थांबायचं नाही. नंतर त्याच भांड्यातल्या रसात कांदा, लोणी, घट्ट साय आणि गुहेतलं निळं काब्रालेस चीज. किती चीज? नाक सांगेल तेवढं.

त्या फेब्रुवारीत एतेलला ताप आला. चार दिवस राहिला आणि गेला, पण जाताना नाक घेऊन गेला.

आधी तिला वाटलं, सर्दी असेल. मग मार्च गेला. कॉफी म्हणजे गरम पाणी झाली. जिभेला खारट कळायचं, आंबट कळायचं, बाकी सगळं तोंडात ओल्या कापसासारखं. ईस्टरचा गोड पाव तिने काळा केला आणि दोष भट्टीला दिला. भट्टी बिचारी काय बोलणार. डॉक्टर म्हणाला, "येईल, नाहीतर नाही येणार." एवढं तर एतेललाही ठाऊक होतं.

चमत्कार असा की स्वप्नात वास यायचे. दुपारी खिडकीपाशी खुर्चीत डोळा लागला की कुठून कुठून यायचे. ओलं कुत्रं. नवऱ्याच्या दाढीचा साबण. आईच्या एप्रनचा वास, ज्यात लसूण आणि धूर दोन्ही असायचे. खाली दरीतून धुकं चढायचं, अंगणातली सफरचंदाची झाडं एकेक करून त्यात बुडायची, आणि एतेल अर्धवट झोपेत त्या वासांमागून फिरत राहायची. जागी झाली की काही नाही. खुर्ची, खिडकी, धुकं. तिला रडू यायचं, आणि ती रडायची, कुणी बघायला नव्हतं.

कारण हे सांगायचं कुणाला? नवरा सेकुन्दिनो खाणकामगार होता, त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. गावाला सांगावं तर गाव कळवळेल, हात हातात घेईल, आणि पुढच्या लग्नाला दुसरी कुणी शोधेल. एतेलला मरणाची भीती नव्हती एवढी याची होती. रांधायचं नाही, तर मग ही सहासष्ट वर्षांची बाई नेमकी कोण, याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं.

जूनमध्ये शेजारची एन्ग्रासिया आली. दारातूनच ओरडत.

"मावशी! माझ्या नोएलियाचं लग्न ठरलं! सप्टेंबरचा दुसरा शनिवार. तू मोकळी आहेस ना? नाहीस म्हणालीस तर मी इथेच पायरीवर बसेन."

"किती माणसं?"

"साठ. आणि ऐक, विहीणबाई हिहोनच्या आहेत, पक्क्या शहरी. मी म्हटलं, आमच्याकडे एतेलमावशीचा रोस्ट असतो, वर काब्रालेसचा सॉस. तर काय म्हणाव्यात? 'त्या चीजला फार वास येतो म्हणे.'"

"येतो," एतेल म्हणाली.

"मग? मोकळी आहेस ना?"

नाही म्हणायचं तिने ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं, पाठदुखीचं. पण नोएलियाच्या बारशाला तिनेच रांधलं होतं, आणि एन्ग्रासियाच्या लग्नालाही.

"मोकळी आहे," ती म्हणाली, आणि त्या रात्रीची तिची झोप गेली.

दोन महिने तिने विचार केला. ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी ती उठली, काठी घेतली आणि डोंगर चढायला लागली. वर बेलार्मिनोची चीज पिकवायची गुहा होती.

बेलार्मिनोचं नाक म्हणजे आमच्या दरीची शान. चीजमध्ये लोखंडी सळई खुपसायची, बाहेर काढायची, नाकाखालून एकदा फिरवायची, आणि सांगायचं, "आणखी अकरा दिवस." अकराच. दहाव्या दिवशी कुणी कापलं तर कच्चं निघायचं. व्यापारी यायचे, स्पर्धेवाले यायचे, सगळे त्या नाकापुढे टोपी काढायचे. माणूस मात्र एकटा. एकटा का, तेही गावाला ठाऊक होतं.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी, सान अन्तोलिनच्या जत्रेत, नाच चालू असताना बेलार्मिनोने एतेलला लग्नाचं विचारलं होतं. ती तेवीस वर्षांची, नाकावर माशी बसू न देणारी. ती म्हणाली, "बेलार, तुझ्या अंगाला गुहेचा वास येतो. जन्मभर कोण सहन करणार?" आजूबाजूच्या पोरी हसल्या. बेलारही हसला. पुढच्या वर्षी एतेलने सेकुन्दिनोशी लग्न केलं, जो रोज खाणीतून अंघोळ करून, साबणाचा वास घेऊन घरी यायचा. बेलारने पुन्हा कधी विषय काढला नाही. तिला लागेल ते चीज मात्र प्रत्येक लग्नाला तोच पोचवायचा. दारातून द्यायचा, चार पावलं मागे सरायचा आणि तिथून बोलायचा. भारी मानी आहे हा, असं एतेलला वाटायचं.

गुहेच्या तोंडाशी तो दगडावर बसला होता. मांडीवर मेपलच्या पानांची चळत. बाजारात जाणारं चीज आता चांदीच्या कागदात गुंडाळावं लागतं, पण घरच्यासाठी तो अजून पानंच वापरायचा. आतून गार वारा येत होता. एतेलने सवयीने श्वास घेतला. गारवा आला, बाकी काही नाही.

तिला बघून बेलार उठला आणि दगडाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

"चढलीस एवढं? निरोप पाठवायचास. चीज हवंय ना, नोएलियाच्या लग्नाला?"

"चीज हवंच. आणखी एक हवंय."

"काय?"

"तुझं नाक."

तिने सगळं सांगितलं. ताप, काळा पाव, एन्ग्रासिया, साठ माणसं. सांगताना जमिनीकडे बघत होती. बेलार ऐकत राहिला. ती थांबली तरी तो हातातलं पान उलटंसुलटं करत होता.

"हसायचं तर हस," ती म्हणाली. "आज तुझा हक्क आहे. तुझ्या वासाला नाक मुरडणारी बाई तुझ्याच दारात नाक मागायला आली."

"हसत नाहीये."

"मग बोल की काहीतरी."

"एतेल," तो म्हणाला, "स्वप्नात येतो का वास?"

ती चमकली. "तुला कसं कळलं?"

"ऐकलं होतं कुणाकडून तरी. असं होतं म्हणे." त्याने पान खाली ठेवलं, बराच वेळ तिच्याकडे बघितलं. एकदा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग म्हणाला, "येतो मी. चीज फोडायला आलोय म्हणून सांग."

लग्नाच्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. एन्ग्रासियाच्या अंगणात लांब टेबलं मांडली होती, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं तर टेबलाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. पांढऱ्या चादरी थेट ढगात गेल्यासारख्या. बॅगपाइपवाला कुठेतरी सूर लावून बघत होता. तो दिसत नव्हता, नुसता सूर यायचा आणि विरायचा.

एतेलने एन्ग्रासियाला केस विंचरायला पाठवलं. बेलार आला, लग्नाचा काळा कोट घालून, पानात गुंडाळलेलं चीज काखेत. आल्या आल्या त्याने खिडकी सताड उघडली आणि स्टूल ओढून खिडकीच्या कडेला बसला.

"थंडी येतेय," एतेल म्हणाली.

"येऊ दे. नाकाला मोकळी हवा लागते."

तज्ज्ञ तो. तिने सुतळ्या आवळल्या, मीठ चोळलं, सहा मोठे तुकडे आळीपाळीने लाल केले, सिद्रा ओतली. भांडी भट्टीत गेली. आता तिच्या हातात काही उरलं नाही. ती स्टुलासमोर उभी राहिली, एप्रनला हात पुशीत.

"काय येतंय?"

बेलारने डोळे मिटले. "गोठा," तो म्हणाला. "पहाटेचा. दूध काढून झालंय आणि गाई अजून आत आहेत."

"बरोबर. पुढे?"

"थांब. घाई करू नकोस." तो हळूहळू बोलायला लागला. आवाज न चढवता, थांबत थांबत. "सिद्रा उडतेय. पडलेली सफरचंदं असतात ना गवतात, ऑक्टोबरात, मधमाश्या बसलेली. तसं... आता लसूण. लसूण मागे गेला. आता गवत येतंय, ओलं. कुणीतरी कापून ठेवलंय आणि पाऊस आलाय."

एतेलनेही डोळे मिटले. कुठे आहोत तेच तिला कळेना. दुपारच्या त्या खुर्चीत असल्यासारखं वाटलं. तो सांगत होता आणि ते गवत तिच्यापुढे उलगडत होतं. गवताच्या कडेला तिची आई पाठमोरी उभी होती, आईच्या हातात झाकण होतं. वास नव्हता. पण वासाची जागा होती, रिकामी, स्वच्छ, आणि कित्येक महिन्यांनी तिला त्या जागेत उभं राहता येत होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही.

"पाव," बेलार एकदम म्हणाला. "कड. एतेल, कड!"

तिने दार उघडलं. भांडी बाहेर निघाली, मांस लाकडी फळीवर फडक्याखाली विसावलं. ती चटाचट कामाला लागली. रसात कांदा गेला, लोणी गेलं, साय गेली. चूल मंद केली, कारण चीज पडल्यावर सॉस उकळला की कडू होतो, हे सांगायला नाक लागत नाही. बेलार चीज कुस्करून देत होता.

"पुरे?"

"अजून थोडं."

"आता?"

"अजून." त्याने पुन्हा डोळे मिटले होते. "आता कसा... सायीसारखा गोड येतोय. शांत. रविवारी सकाळी येतो तसा. कशाचीही कड नाही त्याला, काही जळकं नाही..."

एतेलने सहज वर बघितलं. भट्टीच्या दांड्यावर तिनेच टाकलेलं फडकं, त्याचं टोक निखाऱ्याच्या दारात गेलं होतं. फडकं काळं होत वर चढत होतं. बेलारच्या खांद्यामागून, त्याच्या कानाजवळून, धुराचा जाड पट्टा खिडकीकडे निघाला होता. आणि बेलार डोळे मिटून त्याच धुरात शांत रविवार हुंगत होता.

तिने फडकं उचलून बादलीत टाकलं. चर्रर्र झालं. त्याने डोळे उघडले, बादलीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"बेलार," ती म्हणाली, "तुला नाक नाही."

त्याने उरलेलं चीज पानात ठेवलं.

"कधीपासून?"

"एकोणीस वर्षं," तो म्हणाला. "गुहेतल्या हवेने. डोळ्यांत झोंबते ना, तीच हवा. हळूहळू गेलं."

"एकोणीस वर्षं! आणि ती सळई? ते अकरा दिवस?"

"बोटाने कळतं. सळई किती जड निघते त्यावरून. नाकाखालून फिरवतो ते लोकांसाठी. नाक गेलं म्हटलं तर चीज कोण घेईल माझं?"

एतेलला असा संताप आला की हातातला चमचा त्याच्या डोक्यात घालावा. बाहेर साठ माणसं बसलेली, म्हणून ओरडणंही दबक्या आवाजात करावं लागत होतं. "मेल्या! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आंधळीने आंधळ्याचा हात धरला आणि निघाले दोघं साठ जणांना जेवायला घालायला! नाही म्हणायचं होतंस ना डोंगरावरच!"

"म्हणणार होतो."

"मग?"

"तू पहिल्यांदाच काही मागायला आली होतीस."

तिने हातातला चमचा ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "आणि ते गवत? ती सफरचंदं, तो गोठा? कुठून काढलंस ते सगळं?"

"तुझंच आहे," बेलार म्हणाला. "चीज देऊन मी जायचो कुठे? प्रत्येक लग्नाला तुझ्या खिडकीखाली बसायचो, सॉस होईपर्यंत. वीस-बावीस वर्षं नाक शाबूत होतं. कशानंतर काय येतं ते पाठ आहे मला. आणि चरबीचा आवाज बदलतो, एतेल. गवताच्या वेळी चुरचुरते, कडेच्या वेळी गप्प होते. तुला ऐकू नाही येत, तू कायम आत बोलत असतेस."

एतेलने सुरी घेतली आणि मांसावरचं फडकं काढून मधोमध कापलं. बाहेरून लाल, मग तपकिरी, आत गुलाबी, आणि रस फळीवर हळू पसरला. दुसरा तुकडा कापला, तोही तसाच. ती स्टुलावर बसली.

सॉसचं मात्र कुणाला विचारणार? तिने आयुष्यात पहिल्यांदा चमचा तोंडात घातला. खारट होता. गुळगुळीत होता. बाकी ओला कापूस. आई वरून बघत असेल तर बघू दे, असं म्हणून तिने ताटं भरली, प्रत्येक कापावर पळीभर सॉस ओतला आणि वाढपी बायकांना हाक मारली.

मग दोघं ऐकत बसले. आमच्याकडे रोस्ट आला की काय होतं ते दोघांनाही माहीत होतं. बोलणं चालू राहिलं तर समजायचं, बिघडलं. बाहेर बोलणं चालू होतं. एक बाई मोठ्याने काहीतरी म्हणाली, शहरी आवाज. कुणी हसलं. एतेलने एप्रनचा चोळामोळा केला. मग आवाज एका बाजूने विझत गेले, टेबलाच्या या टोकापासून त्या धुक्यातल्या टोकापर्यंत. बॅगपाइपसुद्धा मध्येच थांबला. तोही जेवायला बसला असावा. नुसते काटे-सुऱ्यांचे आवाज.

बऱ्याच वेळाने एन्ग्रासिया आत आली, गाल लाल, केस पुन्हा विस्कटलेले.

"मावशी, बशा धुवायला नकोत! पावाने पुसून लखलखीत केल्यात. पण काय गं, आज चीज किती घातलंस? पार चर्चपर्यंत वास गेलाय! विहीणबाईंनी आधी नाक धरलं. खरंच धरलं, असं, दोन बोटांनी. आणि मग तीनदा वाढून घेतलं! आता विचारतायत, धाकट्याचं लग्न मेमध्ये आहे, तर तू हिहोनला येशील का?"

एतेलने बेलारकडे बघितलं. बेलार खिडकीबाहेर बघत होता.

"बघते," ती म्हणाली. "एकटी येणार नाही म्हणावं."

एन्ग्रासिया हसत बाहेर पळाली. स्वयंपाकघर शांत झालं. बेलार उठला, कोट झटकला, आणि निघायच्या बेताने दाराशी गेला; तिथे नेहमीसारखा चार पावलं लांब उभा राहिला.

"हे काय आहे तुझं?" एतेल म्हणाली. "जन्मभर बघतेय. मी आले की तू लांब सरतोस. एवढा कसला मान?"

"मान कुठला." तो बुटांकडे बघत म्हणाला. "वारा बघतो. वारा तुझ्याकडून माझ्याकडे यायला हवा. उलटा नको."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा जत्रेतल्या त्या पोरींचं हसू तिच्या कानात वाजलं, आणि त्यात तिचं स्वतःचंही होतं.

"रोज अंग घासतो," बेलार म्हणाला. "राखेने घासलं, लव्हेंडरने घासलं. स्वतःचा वास स्वतःला कळत नाही, आणि पुढे नाकच गेलं. कुणाला विचारायचं? त्यामुळे गेला की आहे, ते मला अजून माहीत नाही."

एतेल उठली. ओटा ओलांडून त्याच्यासमोर गेली. तो मागे सरायला लागला तसा तिने त्याचा कोट दोन्ही हातांनी पकडला, डोळे मिटले, आणि त्याच्या मानेशी, कॉलरच्या आत, नाक नेऊन श्वास घेतला, झाकण सरकवून घ्यायची तसा, छाती भरेपर्यंत. लोकर टोचली. मान गरम होती. ती तिथे बराच वेळ थांबली.

"नाही येत," ती म्हणाली. "कसलाही नाही."

त्या साक्षीची किंमत किती, हे बेलारला तिच्याइतकंच ठाऊक होतं. तरी तो तिच्या बाजूने आत आला, खिडकीपाशी गेला, आणि सकाळपासून उघडी ठेवलेली खिडकी त्याने लावून घेतली.